आप्पेपात्रात आप्पे नाहीत, उजेड!

माहीत आहे का? टेबलावरची साधी मेणबत्ती दर सेकंदाला सुमारे १५ लाख हिरे बनवते! हो, हिरेच. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये ज्योतीच्या पोटातून हे नॅनो-हिरे काढून दाखवले. पण अंगठी घडवायचा बेत रद्द करा. डोळ्यांना न दिसणारे हे हिरे तयार होतात आणि ज्योतीतच जळून हवेत विरतात.

आता ही डायमंड फॅक्टरी घरच्या ओट्यावर टाकायची, तर महाराष्ट्रात सगळ्यात फिट जिल्हा कोणता? आमचं उत्तर ठाम आहे: वर्धा! वातीला लागणारा कापूस शेतात, मेण झाडावरच्या मोहोळात, तेल घाण्यात, रंग समुद्रपूर तालुक्यात. आणि होल्डर? तो तर कारंजा-आर्वीच्या बागेत फांदीला लटकलाय. कसा, ते पुढे सांगतो. आधी वात लावूया.

वात आली, बात झाली

वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा निघाला तो १८६२ मध्ये. कापूस ही त्याची तेव्हापासूनची शान. एकोणिसाव्या शतकात 'हिंगणघाट' हे नुसतं गावाचं नाव नव्हतं, परदेशी बाजारात ते कापसाच्या एका नामांकित प्रतीचं नाव होतं. एका अर्थी ब्रँडच! म्हणजे घरच्या कापसाची वात वळताना तुम्ही एका जुन्या एक्स्पोर्ट क्वालिटी परंपरेला पीळ देत असता.

बरं, पूर्वीच्या मेणबत्तीजवळ कात्री का ठेवावी लागे, माहीत आहे का? वात साधी पिळाची असायची. मेण संपत जायचं, पण जळकी वात तशीच उभी राहायची आणि धूर ओकायची. मग दर थोड्या वेळाने कुणीतरी उठून ती कातरायची. १८२५ च्या सुमारास फ्रान्सच्या कांबासेरेस यांनी वातीची चक्क वेणी घातली. वेणीची वात जळताना एका बाजूला वाकते, तिचं टोक ज्योतीच्या कडेला जातं आणि तिथे हवा मिळून ते आपोआप राख होतं. कात्रीची नोकरी गेली!

ही युक्ती घरी जमते. जाड सुती दोऱ्याचे तीन पदर घ्या आणि शाळेत जाणाऱ्या मुलीची घालतो तशी घट्ट वेणी घाला. दीड कप कोमट पाण्यात एक मोठा चमचा मीठ आणि दोन मोठे चमचे टाकणखार विरघळवा, वेणी त्यात रात्रभर बुडवा, उन्हात खडखडीत वाळवा आणि वितळलेल्या मेणातून एकदा काढा. वात संथ जळते, काजळी कमी धरते.

टाकणखाराचा सख्खा भाऊ कुठे भेटतो, माहीत आहे का? कॅरम बोर्डावर! सोंगट्या सुळकन पळाव्यात म्हणून आपण जी बोरिक पावडर भुरभुरतो, ती याच कुळातली. मेणबत्ती कारखान्यांत वाती मुरवायला बोरिक ॲसिडही वापरतात. क्वीन पॉकेटमध्ये, पावडर वातीमध्ये!

मगनवाडीचा उजेड

इथे जरा थांबूया, कारण हा किस्सा खास वर्ध्याचा आहे आणि तो जितका सांगायला हवा तितका सांगितला जात नाही.

डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि त्याचं ठाणं पडलं वर्ध्याच्या मगनवाडीत. जागा जमनालाल बजाजांनी दिलेली, नाव मगनलाल गांधींच्या आठवणीचं. कारभार पाहायला आले जे. सी. कुमारप्पा. लंडनमध्ये चार्टर्ड अकाउंटंट झालेला, अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस वर्ध्यात येऊन कसला हिशेब मांडत बसला, माहीत आहे का? गावातल्या दिव्याचा!

हिशेब सोपा होता. रॉकेल बाहेरून येतं, म्हणजे दिवा गावात जळतो आणि पैसा गावाबाहेर पळतो. तेलबिया मात्र शिवारातच आहेत. त्या गावच्या घाण्यात गाळल्या तर तेल घरात, पेंड गुरांच्या गव्हाणीत आणि मजुरी शेजारच्या तेल्याच्या हातात. करंज आणि कडुनिंबाचं तेल तर खातही नाहीत, मग ते जाळायला काय हरकत?

या विचारातून मगनवाडीत घडला 'मगन दीप', म्हणजे वनस्पती तेलावर जळणारा कंदील. वाटतं तितकं हे सोपं नव्हतं. रॉकेल पातळ असल्यामुळे ते वातीतून सरसर वर चढतं. तेल जाड, त्याला चढण सोसत नाही. तेल खोल आणि ज्योत उंच असेल तर दिवा मिणमिणतो, मग विझतो. आपली पणती अशी बसकी का असते, याचं उत्तरही इथेच आहे. तिची ज्योत तेलाला जवळजवळ टेकूनच असते. कुंभाराच्या चाकावर फिजिक्स आधीपासून फिरत होतं!

मगनवाडीची गाडी एवढ्यावर थांबली नाही. चुलीचा धूर हटवायला मगन चूल आली. तेल गाळायला सुधारलेला घाणा आला, आणि तो 'वर्धा घाणी' याच नावाने ओळखला गेला. हातकागद आला, मधमाशा पाळणं आलं. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं. हे संग्रहालय आजही वर्ध्यात आहे, आणि ग्रामोद्योगांवर संशोधन करणारी एमगिरी ही संस्थाही याच मगनवाडीत आहे. सेवाग्रामला जाणारे पुष्कळ, पण वर्ध्यात उतरून मगन संग्रहालय न पाहता जाऊ नका, एवढी कळकळीची विनंती.

मेण कुठून येतं? पोटातून!

माहीत आहे का? मधमाशी मेण गोळा करत नाही, ती ते स्वतःच्या अंगातून काढते! कामकरी माशीच्या पोटाखाली मेणाच्या आठ ग्रंथी असतात. वयाच्या साधारण बाराव्या ते अठराव्या दिवसांत त्या जोरात चालतात आणि मेणाच्या इवल्याशा चकत्या बाहेर पडतात. एक ग्रॅम मेणाला अशा सुमारे हजार चकत्या लागतात. आणि एक किलो मेण बनवायला माशा सहा ते आठ किलो मध फस्त करतात. मधमाशीच्या मेणाची मेणबत्ती महाग का, ते आलं ना लक्षात?

विदर्भात आग्या मोहोळ म्हटलं की लोक आधी पळायची दिशा ठरवतात. पूर्वी मध काढायला सर्रास टेंभे लावून माशा जाळायचे. वर्ध्याच्या सेंटर ऑफ बी डेव्हलपमेंटने आदिवासी मधपाळांना वेगळी रीत शिकवली: अंगात संरक्षक पोशाख घालायचा, मोहोळाचा फक्त मधाचा भाग कापायचा आणि पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा. माशा वाचतात, मोहोळ पुन्हा भरतं. मध गोड, रीत त्याहून गोड!

मेणाचे षट्कोनी नक्षीचे पातळ पत्रे बाजारात मिळतात. त्यांची मेणबत्ती करायला गॅससुद्धा पेटवावा लागत नाही. पोळपाटावर पत्रा पसरा, कडेला वात ठेवा आणि घट्ट गुंडाळी करा. झाली मेणबत्ती. पहिलीतल्या मुलांच्या हातीही बिनधास्त द्या. फक्त हिवाळ्यात पत्रा जरा उन्हात ठेवून मऊ करून घ्या, नाहीतर तो पापडासारखा तुटतो.

चला, ओट्यावर!

आता मेन कोर्स. किंवा मेण कोर्स!

विदर्भातल्या स्वयंपाकघरात शोधाशोध करायची गरजच नाही. एक मोठा गंज, त्यात मावणारी एक छोटी डेचकी, सांडशी, किसणी, चहाची जुनी किटली. आणि शोस्टॉपर म्हणून आप्पेपात्र!

मेणाची लादी किसून घ्या, कीस लवकर आणि सारखा वितळतो. गंजात पाणी उकळत ठेवा आणि मेणाची डेचकी त्या पाण्यात बसवा. डेचकी थेट गॅसवर का नाही? कारण पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही, म्हणून त्यात बसलेलं मेणही १०० च्या पुढे जाऊ शकत नाही. थेट आचेवर मात्र ते तापतच राहतं, वाफा सोडतं आणि एका क्षणी भडकतं. भडकलंच तर पाणी ओतायचं नाही, अजिबात नाही! पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती जळतं मेण चौफेर उडवते. वर घट्ट झाकण ठेवा, गॅस बंद करा, विषय संपला. लहान मुलं या वेळी ओट्यापासून लांबच हवीत.

आप्पेपात्राच्या खळग्यांना तेलाचं बोट फिरवा. वितळलेलं मेण किटलीतून ओता. किटलीची चोच असल्यावर एक थेंब सांडत नाही. कडा पांढरट होऊन साय धरल्यासारखं दिसलं की सुईने मधोमध भोक पाडा आणि मेणात बुडवून कडक केलेली वात उभी करा. मेण पूर्ण गार झालं की पात्र दहा मिनिटं फ्रीजरमध्ये. मेण आक्रसतं, खळग्याची कडा सोडतं आणि उलटं केलं की टपटप सगळे दिवे खाली. पाव किलो मेणात एक घाणा आरामात निघतो.

हे दिवे कोपरात, म्हणजे परातीत, पाणी घेऊन त्यात सोडा. तरंगणार म्हणजे तरंगणारच, कारण मेण पाण्यापेक्षा हलकं असतं. बाजारात 'फ्लोटिंग कँडल' म्हणून छान डब्यात मिळतात त्या याच!

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मेण गार होताना आक्रसतं, त्यामुळे वाटीसारख्या खोल साच्यात वातीभोवती खड्डा पडतो. हा दोष तुमचा नाही, मेणाचा स्वभाव आहे. थोडं मेण राखून ठेवा आणि खड्डा दुसऱ्यांदा भरा. मोरीत मात्र उरलेलं मेण चुकूनही ओतू नका. तिथे ते घट्ट होऊन बसलं की प्लंबरचीच दिवाळी.

रवी आहे घरात, ताक घुसळायची? मेण सायीसारखं व्हायला लागलं की रवीने घुसळा. हवा भरून मेण पांढरंशुभ्र, फेसाळ होतं. ते चमच्याने मेणबत्तीवर थापा आणि वर्ध्यात बर्फ पाडा!

खऱ्या बर्फाचीही जादू आहे. कुल्फीच्या साच्यात मधोमध एक बारीक तयार मेणबत्ती उभी करा, भोवती बर्फाचे खडे भरा आणि गरम मेण ओता. मेण गोठतं, बर्फ वितळतो, पाणी ओतून टाकलं की हातात येते जाळीदार मेणबत्ती. दोन सारख्या कधी होतच नाहीत.

सांडशी, किसणी, किटली, पात्र: जे मेणाला वापरलं ते पुढे मेणालाच ठेवा. रंग-सुगंधाच्या मेणानंतर त्यात पुन्हा आप्पे नकोत.

मे महिना आणि मान टाकलेल्या मेणबत्त्या

वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पॅराफिन मेणाच्या मऊ जाती साधारण ४६ अंशांपासून वितळतात. गणित कळलं? बंद खोलीतल्या कपाटात उभी ठेवलेली उंच मेणबत्ती मे महिन्यात नमस्कार करायला लागते!

इलाज म्हणजे मेणात थोडं स्टिअरिक ॲसिड. ते ६९ अंशांच्या आसपास वितळतं, मेणबत्तीला ताठ कणा देतं आणि साच्यातून सुटायलाही मदत करतं. या स्टिअरिक ॲसिडमागचा माणूस मिशेल शेव्हरल, हा स्वतःच एक रेकॉर्ड आहे. चरबीचं रसायन उलगडून त्याने १८२५ मध्ये गे-ल्युसॅकसोबत नव्या मेणबत्तीचं पेटंट घेतलं. जन्म १७८६ चा, मृत्यू १८८९ चा. फ्रेंच राज्यक्रांतीही पाहिली आणि आयफेल टॉवरचं बांधकामही. १०२ वर्षं तेवलेला माणूस!

फटाफट फॅक्ट्स

माहीत आहे का? १८९७ मध्ये स्टॉकहोमच्या प्रदर्शनात २४ मीटरहून उंच मेणबत्ती उभी केली होती. म्हणजे जवळपास आठ मजले! फुंकर मारायला शिडी कुठली आणायची?

फुंकरीवरून आठवलं. बर्थडे केकवरची मेणबत्ती फुंकल्याने केकवरचे जिवाणू १,४०० टक्क्यांनी वाढले, असं अमेरिकेच्या क्लेमसन विद्यापीठातल्या प्रयोगात २०१७ मध्ये दिसलं. हॅपी बर्थडे! पुढच्या वेळी मेणबत्ती केकशेजारच्या वाटीत लावा.

अंतराळात ज्योत कशी दिसते? गोल! तिथे गरम हवा वर जात नाही, कारण 'वर' अशी दिशाच नसते. ज्योत बनते निळसर, मंद, इवलासा चेंडू.

एका मेणबत्तीचा प्रकाश म्हणजे साधारण एक कँडेला. प्रकाशाच्या तीव्रतेचं हे आंतरराष्ट्रीय एकक आजही मेणबत्तीचंच नाव मिरवतं. नऊ वॅटचा एक एलईडी बल्ब लावला की समजा सुमारे ७० मेणबत्त्या पेटल्या.

मायकेल फॅरेडेने १८६०-६१ च्या नाताळात लंडनमध्ये मुलांसमोर सहा व्याख्यानं दिली, सगळीच्या सगळी एका मेणबत्तीवर! त्यातला एक खेळ आज रात्रीच करा. मेणबत्ती विझवा आणि वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराला जळती काडी लावा. ज्योत धुरावरून उडी मारून वातीवर येते. कारण तो धूर म्हणजे मेणाची वाफ, आणि मेणबत्तीत खरं जळतं ते हीच.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेणबत्तीवर लिलाव चालायचे. ज्योत विझण्याआधी शेवटची बोली ज्याची, माल त्याचा. डायरीकार सॅम्युअल पेपिसने १६६२ मध्ये एका चतुर माणसाचं गुपित टिपून ठेवलंय: विझण्याच्या ऐन आधी धूर खाली वळतो, तो दिसला की बोली ठोकायची!

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर युलॅकॉन नावाचा इतका तेलकट मासा मिळतो, की वाळवून वात लावली तर तो मेणबत्तीसारखा जळतो. नावच पडलं कँडलफिश.

मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं आणि बाळं मिळतात. जे हवं असेल त्याचा मेणाचा आकार माउलीपुढे ठेवायचा.

आणि महाबळेश्वर! १९९४ मध्ये तिथे सनराइज कँडल्स सुरू करणारे भावेश भाटिया दृष्टिहीन आहेत. मेणबत्तीचं काम ते नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये शिकले. मेणाचा पोत, उष्णता, आकार सगळं बोटांनी जोखतात, आणि शेकडो दृष्टिहीन हातांना त्यांनी या कामाला लावलं. सलाम!

होल्डर है तो बोल्डर है

मेणबत्तीचा पाट मांडायला पैसे कशाला? दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ आणि लागेल तसं पाणी घालून घट्ट गोळा मळा. हव्या त्या आकाराचं घर थापा, मध्ये मेणबत्ती दाबून खाच करा आणि वर्ध्याच्या उन्हात तीन-चार दिवस वाळवा. दगड होतो! मीठ इतकं असतं की बुरशी सहज धरत नाही.

रंग हवा? समुद्रपूर तालुक्यातली वायगावची हळद घ्या. जीआय मानांकन मिळवलेली, रंगाला जबरदस्त. पण ती कणकेत मळा, मेणात नाही. हळदीची पूड मेणात तळाशी बसते आणि वातीत अडकून ज्योत गुदमरवते. मुलांचे खडू किसून टाकले तरी तोच घोटाळा. आणि हळदीचा होल्डर सावलीतच वाळवा आणि घरातच ठेवा. उन्हात तिचा पिवळा रंग उडतो.

आता तो बागेतला होल्डर! आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आसपास बाजारात येतात. एक संत्रं आडवं कापा. फोडी अलगद काढून खाऊन टाका, पण सालीच्या मधोमध उभा राहिलेला पांढरा दांडा तुटू देऊ नका. तीच तुमची वात! वाटीत तेल ओता, दांडा तेलात मुरू द्या, टोक कोरडं करून पेटवा. पहिल्या काडीला पेट घेईलच असं नाही, धीर धरा. एकदा पेटला की साल आतून केशरी उजळते. वात आणि होल्डर दोन्ही एकाच फळात!

सालीचा तुकडा ज्योतीशेजारी चिमटून पाहा. तडतड ठिणग्या! सालीतलं लिमोनीन हे तेल जळतं. याच तेलाचा थेंब फुग्याला लागला की फुगा फट्कन फुटतो.

पण होल्डरचा चॅम्पियन आमच्या मते आषाढातच येतो. दिव्यांच्या अमावस्येला गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून केलेले दिवे! इडलीपात्रात दहा-पंधरा मिनिटं उकडा, खळग्यात साजूक तूप घाला, फुलवात लावा, ओवाळा. तूप संपून दिवा विझला की वात बाजूला काढा, वरून आणखी एक चमचा तूप सोडा आणि होल्डर खाऊन टाका!